आतड्यातला व्रण औषधाने विरघळेल की कापावाच लागेल?

डॉक्टरताई, नमस्कार. माझा धाकटा भाऊ २८ वर्षांचा आहे, चाकणला कंपनीत शिफ्ट ड्युटी करतो, मित्रांबरोबर रूमवर राहतो. तीन वर्षांपूर्वी पोटदुखी, जुलाब, बारीक ताप असं सुरू झालं. आधी आतड्याचा टीबी म्हणून सहा महिने गोळ्या झाल्या, मग क्रोन्स (आतड्याला वारंवार सूज येणारा आजार) आहे असं कळलं. बरं वाटलं की गोळ्या बंद आणि दुखायला लागलं की मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर स्टिरॉइड, असं त्याचं चाललं होतं हे आम्हाला आत्ता कळतंय. सिगरेट पण आहे. गेल्या चार महिन्यांत दोनदा आतडं अडकून अ‍ॅडमिट झाला, नऊ किलो वजन गेलं. एमआर स्कॅनच्या रिपोर्टमध्ये लहान आतड्याच्या शेवटी ४ सेंटीमीटरचं स्ट्रिक्चर (अरुंद झालेली जागा), त्याच्या अलीकडे आतडं साडेतीन सेंटीमीटर फुगलंय, सूज आणि फायब्रोसिस (जखम भरल्यावर उरणारा कडक व्रण) दोन्ही आहे, असं लिहिलंय. एक डॉक्टर इंजेक्शन सुरू करू म्हणतात, दुसरे फुग्याने रुंद करू म्हणतात, सर्जन म्हणतात तेवढा तुकडा काढून टाकू. आत्या म्हणते रोज रात्री इसबगोल आणि आठवड्याला एरंडेल द्या, पोट साफ राहिलं की अडकणार नाही. आई सारखी रडते, आपलं लक्ष नव्हतं म्हणून झालं म्हणते. हा व्रण झाला कशाने, औषधाने विरघळतो का, कापलं तर परत होणार नाही ना? आणि तो दिवाळीला घरी येतोय, आई विचारतेय त्याला खायला काय करू.
— मिरजेची एक बहीण

अगं, बाकी सगळं सावकाश वाच पण एक काम आत्ता कर, आत्यांना फोन करून सांग की इसबगोल आणि एरंडेल दोन्ही बंद. त्या मायेपोटी सांगतायत आणि साध्या बद्धकोष्ठाला तो उपाय चालतोही, पण तुझ्या भावाचं आतडं सुस्त झालेलं नाहीये, ते एका जागी अरुंद झालंय. इसबगोल पाणी पिऊन फुगतं, त्याचा घट्ट लगदा होतो, तो त्या अरुंद जागेच्या तोंडाशी येऊन बसला की बूच लागल्यासारखं होतं. आणि एरंडेल आतड्याला जोर लावायला लावतं, पुढे वाट नसताना मागून जोर लावला तर कळा येतात, उलट्या होतात आणि अगदी वाईट म्हणजे फुगलेलं आतडं फुटूही शकतं. मी शिकत होते तेव्हा रात्रीच्या ड्युटीला असा एक पेशंट आला होता, घरच्यांनी दोन दिवस एरंडेल पाजलं होतं, पोट ढोलासारखं झालेलं, त्याला वाचवताना आमची पहाट झाली. ते पोट मी अजून विसरले नाहीये म्हणून सगळ्यात आधी हे लिहिलं.

आता तुझा पहिला प्रश्न, हा व्रण झाला कशाने. आपल्याला खरचटलं की खपली धरते, खपली पडते आणि खाली पांढरट खूण राहते, तशीच गोष्ट आतड्यात होते, फक्त एकदा होऊन थांबत नाही. क्रोन्समध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती आतड्यावर चिडलेली असते, आणि ही सूज आतड्याच्या आतल्या अस्तरापुरती राहत नाही, भिंतीच्या सगळ्या थरांतून आरपार जाते. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा याच घरातला दुसरा आजार, त्यात सूज मुख्यतः आतल्या अस्तरात असते, म्हणून तिथे अशी आकुंचनं कमी दिसतात (आणि दिसलीच तर तिथे कॅन्सर नाही ना हे आधी बघावं लागतं). क्रोन्समध्ये आतपर्यंत जखम झाली की शरीर ती भरायला जातं, फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तिथे कोलॅजनचे धागे टाकून जखम सांधतात. सूज उतरली तर काम तिथेच संपायला हवं. पण सूज परत येते, परत जखम, परत सांधणं, गोधडीला ठिगळावर ठिगळ लावत गेलं की ती जागा कशी जाड आणि कडक होते तसं. त्यात आतड्याच्या भिंतीतले स्नायूही वाढतात, बाहेरून चरबी येऊन आतड्याला मिठी मारल्यासारखी गुंडाळते, आणि आतली पोकळी बारीक होत जाते. अजून एक गोष्ट अशी की एकदा भिंत पुरेशी कडक झाली की तो कडकपणाच त्या पेशींना आणखी धागे टाकायला लावतो, म्हणजे सूज आटोक्यात आली तरी व्रणाचं काम आपलं आपण थोडं चालूच राहतं. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

हे आत्ता आत्ता कळलेलं नाहीये बरं का. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी या आजारावर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं, तेव्हाच त्यांनी नोंदवलं होतं की हा मुख्यतः तरुणांना होतो, लहान आतड्याचा शेवटचा भाग धरतो आणि जखमांच्या मानाने तिथे व्रणाच्या धाग्यांची वाढ फारच जास्त होते, त्यामुळे आतडं अरुंद होतं. तुझ्या भावाचा रिपोर्ट वाचताना मला तेच वर्णन आठवलं, वय तेच, जागा तीच.

मग आईची चूक कुठे आहे? कुठेच नाही. लहानपणी काय खाऊ घातलं, लक्ष होतं की नव्हतं, याने क्रोन्स होत नाही. जनुकांचा वाटा असतो, आतड्यातल्या जंतूंचा असतो, आजूबाजूच्या गोष्टींचा असतो, कोणा एकाच्या माथी मारता येत नाही. आईला हे तू नीट बसून सांग, नुसतं "रडू नको" म्हणू नकोस, कारण आईला कारण मिळालं नाही की ती स्वतःला कारण ठरवते. व्रण वाढायला हातभार लावणाऱ्या दोनतीन गोष्टी मात्र तुझ्याच पत्रात आहेत आणि त्या मी लपवणार नाही.

पहिली म्हणजे औषधं सोडून सोडून घेणं. दुखणं थांबलं म्हणजे सूज गेली असं या आजारात नसतं, पोट गप्प असताना आत जखमा चालू असू शकतात, आणि अशी गप्प राहिलेली सूजच वर्षानुवर्षं ठिगळं लावत राहते. मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइड सूज भराभर उतरवतं, दोन दिवसांत माणसाला नवीन जन्म झाल्यासारखं वाटतं, पण ते खोल जखमा नीट भरून आणत नाही आणि व्रण तर अजिबात थांबवत नाही. वर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, इन्फेक्शन होतात, आणि पुढे ऑपरेशन करायची वेळ आली तर टाके भरायला अडचण. आणि आता इथे जपून, तो सध्या घेत असेल तर एकदम बंद करायचं नाही, शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवायची सवय मोडलेली असते, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू उतरवायचं.

दुसरी सिगरेट. क्रोन्समध्ये सिगरेट ओढणाऱ्यांचा आजार जास्त जोरात जातो, ऑपरेशन लागायची शक्यता वाढते आणि ऑपरेशननंतर परत ऑपरेशन लागायची शक्यता तर साधारण दुप्पट होते. माझ्या मते त्याला आज मिळू शकणाऱ्या सगळ्या उपायांत सिगरेट सोडणं हा सगळ्यात स्वस्त आणि साइड इफेक्ट नसलेला उपाय आहे. रात्रपाळीत मित्रांबरोबर बाहेर जायची सवय असते, एकट्याच्या जिवावर सुटत नाही, मला कळतं, म्हणून डॉक्टरांकडे निकोटिनच्या गम किंवा गोळ्यांचं सरळ विचारा, त्यात लाज नाही. आणि डोकेदुखी अंगदुखीला तो डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन असलं काही घेत असेल तर तेही बंद, या गोळ्या आतड्याला जखमा करतात. पॅरासिटामॉल चालतं.

तिसरी गोष्ट टीबीच्या औषधांची, यात तुमची चूक नाही आणि त्या पहिल्या डॉक्टरांचीही असेलच असं नाही. आपल्याकडे आतड्याचा टीबी खूप आहे, तोही लहान आतड्याच्या शेवटालाच बसतो, तोही आतडं अरुंद करतो, दुर्बिणीतून दोन्ही सारखे दिसतात आणि बायोप्सीत कितीदा तरी दोन्हीपैकी काहीच पक्कं निघत नाही. मग टीबीची औषधं देऊन बघतात. ते ठीक आहे, पण सहा महिने संपेपर्यंत वाट बघायची गरज नसते, दोनतीन महिन्यांनी परत दुर्बीण घालून जखमा भरतायत का हे बघायचं असतं, टीबी असेल तर तोपर्यंत बऱ्याच भरलेल्या दिसतात, नसतील भरल्या तर क्रोन्सचा विचार तेव्हाच. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या पेशंटवर अभ्यास करून हे दाखवलंय की क्रोन्स असताना टीबीच्या औषधांत वेळ गेला तर पुढे आतडं अरुंद व्हायचं प्रमाण वाढतं. तुझ्या भावाचे ते महिने गेले, ते आता परत येत नाहीत, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची टीबीची औषधं नुकती सुरू झाली असतील तर त्यांनी डॉक्टरांना एवढं जरूर विचारावं की परत दुर्बीण कधी करायची.

आता विरघळण्याचं. मी सरळ सांगते, जुना पक्का व्रण विरघळवणारं औषध आतड्यासाठी आज नाही. फुप्फुसांच्या अशाच व्रणाच्या आजाराला पिरफेनिडोन आणि निन्टेडानिब अशी औषधं आहेत, तीही व्रण पुसत नाहीत, फक्त वाढीचा वेग कमी करतात. आतड्यासाठी संशोधन चालू आहे आणि मला त्यातून आशा आहे, पण तुझ्या भावाचा निर्णय त्या आशेवर थांबवून ठेवता येणार नाही. फेसबुकवर "आतड्याचा व्रण ९० दिवसांत गायब" म्हणून काढे विकतात, त्यांना एक रुपयाही देऊ नका.

पण, आणि हा पण फार मोठा आहे, अरुंद झालेली जागा म्हणजे नुसता व्रण नसतो. जवळजवळ नेहमी सूज आणि व्रण एकत्र असतात, समज भिंतीची जाडी आहे, त्यातली काही सुजेमुळे आणि काही धाग्यांमुळे. सुजेचा वाटा औषधाने उतरतो आणि तेवढी वाट मोकळी होते, कधी कधी तेवढीच पुरते. म्हणून तिन्ही डॉक्टर वेगवेगळं बोलतायत यात कुणी फसवत नाहीये, प्रत्येकाच्या डोळ्यासमोर त्या जागेचा वेगळा भाग आहे. आणि खरं सांगायचं तर एमआर असो, सीटी असो की सोनोग्राफी, सूज किती टक्के आणि व्रण किती टक्के हे कुठलंच मशीन चोख सांगत नाही, रक्तातला सीआरपी आणि शौचातला कॅलप्रोटेक्टिन वाढलेला असेल तर सूज जोरात आहे एवढा अंदाज येतो. या टेस्ट झाल्यात का बघ.

इंजेक्शनचं बोलू. अ‍ॅडालिमुमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅब ही सुजेचा एक महत्त्वाचा दूत अडवणारी औषधं आहेत. पूर्वी भीती होती की यांनी जखम झटक्यात भरेल आणि उलट आतडं आक्रसून जास्त अडकेल, तसं होत नाही हे आता समजलंय. फ्रान्समध्ये लहान आतडं असंच अरुंद झालेल्या ९७ पेशंटना अ‍ॅडालिमुमॅब देऊन बघितलं, २०१८ मध्ये त्याचे निकाल छापून आले, सहा महिन्यांनी ६४ टक्के लोकांचं फुगा किंवा ऑपरेशनशिवाय भागलं होतं, आणि चार वर्षांनी बघितलं तर साधारण निम्म्या लोकांचं आतडं कापावं लागलं नव्हतं. म्हणजे "आता कापण्याशिवाय पर्याय नाही" हे वाक्य सगळ्यांना लागू नाही. मात्र त्याच अभ्यासात कुणाला फायदा जास्त झाला तेही आहे: त्रास नुकताच सुरू झालेला, अरुंद भाग १२ सेंटीमीटरपेक्षा कमी, आणि त्याच्या अलीकडचा फुगवटा ३ सेंटीमीटरच्या आत. तुझ्या भावाचा भाग छोटा आहे ही जमेची बाजू, पण फुगवटा साडेतीन आहे, म्हणजे आतडं बरेच दिवस अडथळ्याशी झगडतंय, ही बाजू कमजोर. इंजेक्शन सुरू करायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची टेस्ट परत होईल, आधी टीबीच्या गोळ्या झाल्यात म्हणून ती टाळायला सांगू नका, या औषधांनी लपलेला टीबी डोकं वर काढू शकतो. खर्चाची काळजी तू लिहिली नाहीस पण असणारच. अ‍ॅडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध) आपल्याकडेच, अहमदाबादच्या झायडसने २०१४ च्या डिसेंबरमध्ये आणलं, आता आणखीही भारतीय कंपन्यांची आहेत, मूळ ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त पडतात आणि काम तेच करतात. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बसतं का ते एचआरला विचारायला सांग त्याला.

फुग्याचं असं आहे. कोलोनोस्कोपीच्याच (शौचाच्या जागेतून घालायच्या दुर्बिणीच्या) वाटेने आत जाऊन त्या अरुंद जागेत एक फुगा ठेवतात आणि तो हळूहळू फुगवतात, साधारण १८ मिलिमीटरपर्यंत. भाग ५ सेंटीमीटरपेक्षा छोटा, सरळ, आणि तिथे फिस्टुला (आतड्यातून फुटलेली आडवाट) किंवा पू नसेल तर करता येतं, तुझ्या भावाचं ४ म्हणजे मर्यादेत आहे. आजवरच्या हजारो केसेस एकत्र करून बघितल्यावर दिसतं की दहातल्या नऊ जणांत जागा रुंद करायला जमते, दहातल्या आठ जणांना बरं वाटतं, आणि आतडं फुटणं, रक्तस्राव असं काही मोठं शंभरात साधारण तिघांना होतं, म्हणून जिथे सर्जन हाताशी आहे अशाच ठिकाणी करायचं. पण टिकाऊ किती? दोन वर्षांत चारातल्या तिघांना परत फुगा लागतो आणि चाळीस टक्क्यांच्या वर लोकांना ऑपरेशन. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये, काहींना ही दोनतीन वर्षं फार मोलाची असतात, पण "एकदा फुगवलं की सुटलो" अशी समजूत करून कुणी टेबलावर झोपू नये.

आणि ऑपरेशन. आपल्याकडे पोट उघडणं म्हणजे सगळं संपलं अशी भीती असते, शेजारी येऊन हळू आवाजात बोलायला लागतात. लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं, त्यातला वीसेक सेंटीमीटरचा शेवटचा तुकडा आणि त्याला लागून असलेला मोठ्या आतड्याचा कोपरा काढून दोन टोकं जोडतात, बहुतेक वेळा पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून होतं, आठवड्याभरात घरी. आधीच्या पिढीला जे भोगावं लागलं तसं हे नाही. अरुंद जागा अनेक असतील किंवा आधी आतडं कापून झालेलं असेल तर तुकडा न काढता ती जागा लांबीत चिरून आडवी शिवतात, म्हणजे पोकळी रुंद होते आणि आतडंही वाचतं. याला स्ट्रिक्चरप्लास्टी म्हणतात, आणि मला याचा अभिमान वाटतो की ही पद्धत चंडीगढच्या पीजीआय हॉस्पिटलमध्ये डॉ. कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीबीने अरुंद झालेल्या आतड्यांसाठी वापरली, १९७७ मध्ये त्यावर लिहिलं, तिथून ती ऑक्सफर्डच्या इमॅन्युएल ली यांनी उचलून क्रोन्सच्या पेशंटसाठी वापरली आणि मग जगभर गेली. तुझ्या भावाची एकच जागा आहे आणि तीही अगदी टोकाला, तिथे बहुतेक सर्जन तुकडा काढणंच पसंत करतील.

माझं मत विचारशील तर, आणि हे फाइल समोर नसताना दिलेलं मत आहे हे लक्षात ठेव. चार महिन्यांत दोनदा अडकणं, साडेतीनचा फुगवटा, नऊ किलो वजन, एवढं असताना नुसत्या इंजेक्शनवर वर्षभर वाट बघणं मला पटत नाही. इंजेक्शन द्यायचं ठरलं तर तीन महिन्यांनी तपासणी आणि सहा महिन्यांनी परत एमआर अशी तारीख आजच कॅलेंडरवर लिहून घ्या, आणि मधे तिसऱ्यांदा अडकला तर ऑपरेशन, हे आधीच ठरवून ठेवा. ठरवून केलेलं ऑपरेशन आणि रात्री दोनला अडकल्यावर घाईत केलेलं ऑपरेशन यात जमीनअस्मानाचा फरक आहे. घाईत माणूस आधीच कोरडा पडलेला, अशक्त, स्टिरॉइडवर, अशा वेळी जोड टिकेल की नाही याची खात्री नसते आणि मग पोटावर शौचाची पिशवी लावावी लागायची शक्यता वाढते. ठरवून करताना स्टिरॉइड उतरवता येतं, सहाआठ आठवडे पातळ न्यूट्रिशन फॉर्म्युला देऊन वजन आणि प्रोटीन भरून काढता येतं, रक्त वाढवता येतं. म्हणून मी म्हणेन की गॅस्ट्रोचे डॉक्टर आणि सर्जन दोघांना एकाच हॉस्पिटलमध्ये, एकाच दिवशी, तीच एमआरची सीडी दाखवा आणि दोघांसमोर विचारा की यात सूज किती वाटते, फुग्याने पोचता येईल का, दुसरीकडे कुठे अरुंद जागा आहे का, आणि आपण कुठल्या तारखेपर्यंत वाट बघायची. तारीख नसेल तर ते थांबणं नाही, ते नुसतं दिवस ढकलणं आहे. हो, आणि कुणी कॅप्सूल कॅमेरा गिळायला सांगितला तर आतडं अरुंद आहे हे आठवणीने सांगा, तो तिथेच अडकून बसतो.

परत होणार नाही ना, असं विचारलंस. आजार परत येऊ शकतो, आणि येतो तो बहुतेक जोडाच्या जागीच, जोडाच्या अगदी अलीकडे. ऑपरेशननंतर काहीच औषध घेतलं नाही तर वर्षभरात बहुसंख्य लोकांत दुर्बिणीतून नवीन जखमा दिसतात, आणि गंमत नाही पण तेव्हा माणसाला काहीच त्रास होत नसतो, वजन वाढलेलं असतं, ड्युटी चालू असते, सगळ्यांना वाटतं सुटलो. तुझा भाऊ नेमका इथेच घसरेल अशी मला भीती वाटते, कारण बरं वाटलं की औषध बंद हीच त्याची सवय आहे. त्याच्यासारखा तरुण, सिगरेट असलेला पेशंट असेल तर ऑपरेशननंतर काही आठवड्यांतच परत इंजेक्शन सुरू करतात, आणि सहा महिन्यांनी कोलोनोस्कोपी करायचीच, दुखो न दुखो. शेवटचा तुकडा गेला की बी-१२ शोषलं जात नाही किंवा कमी जातं, त्याची इंजेक्शनं लागू शकतात, आणि काहींना पित्ताच्या क्षारांमुळे जुलाब होतात, त्याला पावडरचं औषध आहे. लगेच आजार परत आला म्हणून घाबरायचं नाही, सांगायचं डॉक्टरांना.

रूमवरच्या मित्रांनाही एक सांगून ठेव, कारण अडकला तर तिथेच अडकेल. पोट फुगून कळा येतायत, उलट्या थांबत नाहीत, हिरवी पित्ताची उलटी होतेय, गॅससुद्धा सरत नाही, किंवा ताप भरून पोट दगडासारखं झालंय, यातलं काही झालं तर काही खायला प्यायला न देता, गोळी न देता, सरळ हॉस्पिटल. सकाळी बघू असं नाही. तिथे नाकातून नळी घालून पोट रिकामं करतील, सलाइन लावतील, स्कॅन करतील. त्याच्या फाइलच्या पहिल्या पानाचा आणि एमआर रिपोर्टचा फोटो त्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आजच टाकून ठेव.

राहिली दिवाळी. आईला सांग, अरुंद जागेतून काय जाईल आणि काय अडकेल एवढं डोळ्यासमोर ठेवून स्वयंपाक करायचा. साल, बी, दोर, काष्ठ असं जे चावूनही मोडत नाही ते नको: मक्याचं कणीस, शेवग्याच्या शेंगा, फणस, पेरू, संत्र्याच्या फोडी सालासकट, कच्ची काकडी कांदा कोशिंबीर, पालेभाजीचे देठ, सालाची मटकी, हरभऱ्याची उसळ, अख्खे शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. यातली भाजी आयुष्यभरासाठी बंद नाहीये, वाट मोकळी झाली की बरंच काही परत येतं, आणि भाजीतलं पोषण हवंच आहे, म्हणून दुधी, लाल भोपळा, गाजर सोलून, मऊ शिजवून, हवं तर घोटून सूप करून द्या. मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, तूप, ताक सोसत असेल तर ताक, इडली, अंडं, पिकलं केळं, सोलून वाफवलेलं सफरचंद, मासे खात असाल तर काटे काढून. ताटभर एकदम नको, दिवसातून पाचसहा वेळा वाटीवाटी, आणि चावून चावून. पाणी भरपूर. तो आला की त्याला सगळ्यांसमोर "हे खाऊ नको ते खाऊ नको" करू नका, आधीच वाढून ठेवा म्हणजे प्रश्नच येत नाही.

फराळात चिवड्यातले दाणे आणि खोबरं काढून त्याच्यासाठी वेगळा मूठभर बाजूला ठेवायचा, तोही दुखत नसेल तर. चकली तळणीची आणि कडक, ती या वर्षी राहू दे. रव्याचा लाडू दुधाने मऊसर करून, त्यात बेदाणे आणि काजू न घालता, तो खाऊ शकतो, बेसनाचाही अर्धा. शंकरपाळी दुधात भिजवून. आणि आईला पुरणपोळी करायचीच असेल तर डाळ अगदी गळेपर्यंत शिजवून पुरणयंत्रातून दोनदा काढायची, पोळी लहान, दुधात कुस्करून, एकच. खाऊन झालं की तासाभराने त्याला विचारायचं, पोटात गोळा फिरतोय का. फिरत असेल तर पुढचे दोन दिवस पातळ पेज आणि वरणाचं पाणी, आणि डॉक्टरांना फोन. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात त्या दोघा डॉक्टरांची एकत्र वेळ आत्ताच घेऊन ठेव, ते काय म्हणाले ते मला कळव, रिपोर्टच्या फोटोसकट.